एचआरएमएस घेतलं, पण रजा अजून व्हॉट्सॲपवरच. वापर नेमका कुठे अडतो?

अंधेरी_पूर्व

नमस्कार. कंपनी पॅकेजिंगच्या मालाची. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत (९० माणसं), गोदाम भिवंडीला (१७०), छोटं युनिट वसईला (८०). कॉन्ट्रॅक्टरची माणसं यात धरलेली नाहीत. क्लाउडवरचं एचआरएमएस (कर्मचाऱ्यांच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) घेऊन आठ महिने झाले. हजेरी, रजा, पगार, खर्चाची बिलं आणि अप्रेझल (कामाचं मूल्यमापन) अशी पाच मॉड्युल्स आहेत, दर माणशी महिन्याचा.

आजची स्थिती: पेस्लिप सगळे उघडतात. रजेचे अर्ज निम्म्याहून कमी सिस्टिममधून येतात, बाकीचे व्हॉट्सॲपवर "सर उद्या येत नाही" असे. गोदामाची हजेरी सुपरवायझर एक्सेलमध्ये भरून २२ तारखेला मेल करतात. पेरोल बघणाऱ्या मॅडम पगार एक्सेलमध्येच काढतात आणि तयार आकडे पेस्लिपपुरते सिस्टिममध्ये चढवतात. अप्रेझल तर कोणी उघडलेलंच नाही. व्हेंडर म्हणतो ट्रेनिंग कमी पडतंय. तीन झाली. मॅनेजमेंट विचारतं, बिल कशाचं भरतोय?

अशा सिस्टिमचा वापर कशावर ठरतो, आणि आधी हात कुठे घालायचा?

मस्टर_रोल

पगार एक्सेलमध्ये निघतो, ही तुमची ओळ सगळ्यात महत्त्वाची. सिस्टिममध्ये रजा टाकली काय नि नाही टाकली काय, खात्यात पैसे तेवढेच येणार. मग माणूस तीन स्क्रीन ओलांडून अर्ज कशाला भरेल? व्हॉट्सॲपचा मेसेज दहा सेकंदांत जातो आणि साहेबांनी वाचला हेही कळतं. लोक आळशी नाहीत, त्यांचा हिशेब बरोबर आहे.

तेव्हा रजेच्या मागे लागण्याआधी पेरोलच्या मॅडमशेजारी दोन दिवस बसा आणि एक्सेल का सुटत नाही ते बघा. बहुतेक वेळा त्यामागे हट्ट नसतो. सिस्टिमचा आकडा खरोखर चुकत असतो, आणि १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) भरण्याची जबाबदारी त्यांच्या गळ्यात असते. मुंबईतल्या कंपनीत हमखास चुकणाऱ्या जागा सांगतो.

व्यवसाय कर. पुरुषांना १०,००० च्या वर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत शून्य. मास्टरमध्ये (कर्मचाऱ्यांच्या मूळ नोंदींत) लिंगाचा रकाना रिकामा राहिला आणि सिस्टिमने पुरुषांचा स्लॅब धरला, की २२,००० पगाराच्या बाईचे २०० रुपये कापले जातात. रक्कम किरकोळ, पण ती पेस्लिप डब्याच्या वेळी दहा जणींना दाखवली जाते.

ईएसआयसी. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि पैसे वरच्या रुपयाला न्यायचे. धरायचं वेतन १८,४५० असेल तर १३८.३७५ चे १३९ होतात, १३८ नव्हे, मालकाचे ५९९.६२५ चे ६००. दुसरी गोष्ट जास्त घातक: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे अंशदानाचे दोन कालावधी असतात. जुलैत पगारवाढ होऊन वेतन २१,००० च्या पुढे गेलं तरी सप्टेंबरपर्यंत कपात चालूच ठेवायची. साधी "२१,००० च्या वर शून्य" अशी अट लावलेली असेल तर जुलैपासून भरणा थांबतो, आणि चूक लक्षात येते ती कोणी दवाखान्यात अडल्यावर.

पीएफमध्ये पेन्शनचा हिस्सा. मूळ वेतन अधिक डीए (महागाई भत्ता) १६,५०० असेल आणि पूर्ण वेतनावर पीएफ कापत असाल तर कामगाराचे १,९८०. मालकाच्या १,९८० पैकी पेन्शनला १,२५० च, कारण ती मर्यादा १५,००० वर. उरलेले ७३० पीएफला. हे वाटप चुकलं की ईसीआरच्या (पीएफच्या मासिक विवरणाच्या) बेरजा हाताने जुळवत बसावं लागतं, आणि हाताने जुळवायचं तर एक्सेलच बरं.

शिवाय कामगार कल्याण निधी: जून आणि डिसेंबर, कामगाराचे २५, मालकाचे ७५. जुन्या सेटिंगमध्ये १२ आणि ३६ राहिलेले असू शकतात. आणि श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्यापासून वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची आहे. म्हणजे प्रत्येक पे-हेडपुढे (पगाराच्या घटकापुढे) "वेतनात धरायचं की नाही" ही खूण नव्याने तपासायची. व्हेंडरच्या सपोर्टवर सोडू नका. तुमचा "स्पेशल अलाउन्स" नेमका कशासाठी आहे ते त्याला माहीत नसतं.

बिनपगारी दिवसांचा भागाकार तर सगळ्यात जुनं भांडण. १८,००० पगार, दोन दिवस खाडा. २६ ने भागलं तर कपात १,३८४.६२, ३० ने १,२००, महिन्याच्या ३१ दिवसांनी १,१६१.२९. ऑफिसला एक आणि गोदामाला दुसरा नियम असेल आणि सिस्टिममध्ये एकच सेट केलेला असेल, तर एका ठिकाणच्या खाडा असलेल्या सगळ्या पेस्लिपा चुकतील.

आता पॅरलल रन, म्हणजे एक्सेल आणि सिस्टिम दोन्हीकडे पगार काढून ताडून बघणं. सगळे चालू महिन्यांवर दोन-तीन महिने करतात आणि "जुळलं" म्हणून मोकळे होतात. ऑगस्ट-सप्टेंबर जुळले म्हणून फेब्रुवारी जुळेल असं नाही. त्यापेक्षा झालेले महिने परत चालवा: फेब्रुवारी (व्यवसाय कर ३००), मार्च (आयकराचा शेवटचा हिशेब), जून (कल्याण निधी), आणि ज्या महिन्यात पगारवाढीची थकबाकी दिली तो. प्रत्येकाचा एकूण, कपाती आणि निव्वळ पगार शेजारी मांडून एक रुपयापेक्षा जास्त फरक असलेली प्रत्येक ओळ काढा आणि पुढे कारण लिहा: राउंडिंग, हजेरी, मास्टर की फॉर्म्युला. फॉर्म्युल्याची कारणं शून्यावर येईपर्यंत एक्सेल बंद करू नका. आली की मात्र त्याच महिन्यात बंद करा. दोन्ही चालू राहिली की सिस्टिम मेलीच.

तिसरी_पाळी

वरच्याशी सहमत, पण हजेरी आत येत नसेल तर पेरोल काय चालवणार? भिवंडीच्या सुपरवायझरने एक्सेल का धरून ठेवलंय, त्याचीही कारणं असतात.

मशीन अंगठ्याचं असेल तर आधी तेच बदला. खोके, पट्ट्या, गोणपाट हाताळणाऱ्यांच्या बोटांची रेघ झिजते, पावसाळ्यात बोटं ओली असतात, मशीन चार वेळा नाकारतं. चेहऱ्याचं मशीन चालतं, फक्त शटरच्या तोंडाशी लावू नका. पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळा पडतो. आत भिंतीवर लावा. पाळी सुटताना १७० माणसं, माणशी चार सेकंद धरले तरी ६८० सेकंद, म्हणजे अकरा मिनिटांवर रांग. लोक पंच न करता बस पकडतात, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचं एक्सेल हवंच असतं. तिथे दोन मशीनं लागतात, आणि दोन्हींना छोटा यूपीएस.

नेटवर्क गेलं तर मशीन पंच स्वतःजवळ ठेवतं आणि जोडणी आली की पाठवतं, तेवढ्याने काळजी नको. काळजी दोन गोष्टींची. मशीनचं घड्याळ मागे-पुढे होतं, ते सर्व्हरच्या वेळेला बांधलंय का बघा. आणि मशीनमधला एनरोल नंबर व एचआरएमएसमधला एम्प्लॉयी कोड जुळतात का बघा. एकीकडे ००८७, दुसरीकडे ८७ असेल तर पंच येतात पण कोणाच्याच नावावर चढत नाहीत. "मशीन बरोबर चालतंय, हजेरी मात्र नाही" अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हेच.

रात्रपाळी. रात्री १० ला आत, सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी बाहेर. सिस्टिम मध्यरात्री दिवस बदलत असेल तर पहिल्या दिवशी "आउट नाही", दुसऱ्या दिवशी "इन ६.०५, आउट नाही", आणि दोन्ही दिवस गैरहजर. रात्रपाळीसाठी दिवस बदलण्याची वेळ पुढे न्यायची, साधारण दुपारी १२. पण फक्त त्या पाळीला, सगळ्यांना नव्हे. पाळ्या दर आठवड्याला फिरत असतील तर पुढच्या आठवड्याचं रोस्टर (कोण कुठल्या पाळीला) शनिवारपर्यंत सिस्टिममध्ये गेलं पाहिजे. ते भरण्याचा हक्क सुपरवायझरलाच द्या. हजेरी लिहिण्याचं काम काढून घेताय ना, मग रोस्टरचं द्या. नाहीतर त्याला हे त्याचा अधिकार काढून घेतल्यासारखंच वाटतं. खरं तर तसंच असतं.

लॉगिनबद्दल: गोदामातल्या माणसाला कंपनीचा मेल आयडी नसतो. मोबाइल नंबर आणि ओटीपीवर लॉगिन ठेवा, आणि त्याआधी १७० नंबर प्रत्यक्ष फोन लावून तपासा. सिम बदललेलं असतं, बायकोचा नंबर दिलेला असतो. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही. पण व्हेंडरचं भाषांतर एकदा वाचून घ्या. "लीव्ह बॅलन्स"चं "शिल्लक सोडा" झालेलं बघून कोणी बटण दाबणार नाही.

टीओई_वाला

प्रश्न "घटक कोणते" असाही होता, म्हणून थोडं सिद्धान्ताकडे, कारण इथे तो उपयोगी पडतो.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी: हे वापरून माझं काम सुधारतं का, आणि हे वापरायला सोपं आहे का. त्यांच्या मोजणीत वापराशी जास्त घट्ट नातं पहिल्या गोष्टीचं निघालं. तुमच्या तीन ट्रेनिंगांनी सोपेपणा वाढवला. उपयोग वाढवला नाही. मस्टर_रोल यांनी वर हेच पेस्लिपच्या भाषेत सांगितलंय.

२००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी आठ मॉडेलं एकत्र केली. त्यात एक बारकावा आहे: वापर ऐच्छिक असेल तिथे "वरिष्ठांना काय वाटतं" याचा फारसा परिणाम दिसला नाही, सक्तीचा असेल तिथे दिसला, तोही सुरुवातीच्या काळात. तुमची हजेरी-रजा सक्तीचीच आहे. मग पहिल्या तीन महिन्यांत डायरेक्टरने स्वतःची रजा सिस्टिममधून टाकली की नाही, हा गौण प्रश्न नाही.

तिसरी चौकट तंत्रज्ञान, संघटना आणि बाहेरचं वातावरण अशी, टोर्नाट्झकी आणि फ्लायशर यांची, १९९० ची. बाहेरून रेटा असलेली मॉड्युल्स आधी रुजतात: ईसीआर, ईएसआयसीचा भरणा, फॉर्म १६ (आयकर कपातीचा दाखला). अप्रेझलमागे कुठलंच पोर्टल दंडुका घेऊन उभं नाही, म्हणून ते शेवटी. तुमच्याकडे ते कोणी उघडलं नाही यात नवल काहीच नाही. सध्या ते मॉड्युल बंद करून लायसन्सचे पैसे वाचवता येतात का तेवढं विचारा.

मोजमापाबद्दल एक विनंती: लॉगिनचे आकडे मॅनेजमेंटला दाखवू नका. पेस्लिप बघायला सगळेच येतात. चार आकडे ठेवा: पगारात धरलेल्या रजेच्या दिवसांपैकी किती सिस्टिममधल्या अर्जातून आले, दर १०० हजेरी-दिवसांमागे किती पंच हाताने दुरुस्त झाले, अर्जापासून मंजुरीपर्यंत मधला काळ किती, आणि पगारात किती ओळी हाताने बदलल्या. चौथा सगळ्यात खरा. तो खाली आला की बाकीचे मागून येतात.

लोअर_परळ_एचआर

ट्रेनिंगला इतकं सरसकट निकालात काढू नका. चुकीच्या माणसांना दिलं गेलं असेल. ९० जणांना हॉलमध्ये बसवून दोन तास स्लाइड दाखवल्या तर काही होणार नाही. मंजुरी देणाऱ्यांना, म्हणजे तुमच्याकडे असतील तर २०-२५ जणांना, त्यांच्या स्वतःच्या फोनवर, प्रत्येकी पंधरा मिनिटं. अर्ज अडतो तो तिथेच.

आजच एक रिपोर्ट काढा: किती चालू कर्मचाऱ्यांचा "रिपोर्टिंग मॅनेजर" नोकरी सोडून गेलेला आहे. त्यांचे अर्ज कुठेच जात नाहीत, तसेच लटकतात. माणूस दोनदा वाट बघतो, तिसऱ्यांदा व्हॉट्सॲप करतो. आणि ४८ तासांत उत्तर नाही तर अर्ज वरच्या पायरीला जाईल असं सेट करा. आपोआप मंजूर होईल असं करू नका. मॅनेजर मग बघणंच सोडून देतात.

रजेची सुरुवातीची शिल्लकही तपासा. मुंबईतल्या ऑफिसला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा: वर्षाला ८ किरकोळ रजा, तिमाहीवार जमा, २४० दिवस काम झालेल्याला दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, साठवण ४५ पर्यंत. वसईचं युनिट कारखाना म्हणून नोंदलेलं असेल तर त्याची पॉलिसी वेगळी बनवा, ऑफिसची कॉपी करू नका. शिल्लक एकदा चुकीची दिसली की लोक स्वतःची वही काढतात, आणि त्या वहीपुढे सिस्टिम कधीच जिंकत नाही.

आणि मुंबईचा पाऊस लक्षात ठेवा. लोकल ठप्प झाली त्या दिवशी ९० जणांनी ९० दुरुस्ती-अर्ज टाकायचे आणि मॅनेजरने ९० मंजूर करायचे, हा मूर्खपणा आहे. एचआरने एका क्लिकमध्ये त्या ऑफिसची त्या दिवशीची उशिराची नोंद माफ करावी, कारण "लोकल बंद". ही सोय बऱ्याच सिस्टिममध्ये असते, कोणी शोधत नाही.

अंधेरी_पूर्व

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट काढला: ३४० पैकी ४१ जणांचा मॅनेजर सोडून गेलेला! दोन प्रश्न. चेहऱ्याचं मशीन लावलं तर नव्या डेटा कायद्यात काही अडचण? आणि मास्टर डेटा साफ करायचा तर क्रम काय? नावं तीन प्रकारची आहेत.

मस्टर_रोल

४१ जण आज दुपारीच बदला, बाकी सगळं नंतर.

मास्टरचा क्रम: आधी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), आधार आणि पॅनवरची नावं, मग बँक, मग जन्म व रुजू तारीख, मग लिंग आणि वडील-पतीचं नाव. आपल्याकडे जुन्या मस्टरवर "जाधव संगीता रमेश", आधारवर "संगीता रमेश जाधव", पॅनवर "संगीता जाधव" आणि पीएफमध्ये लग्नाआधीचं "संगीता विठ्ठल मोरे". सॉफ्टवेअरच्या "फर्स्ट-मिडल-लास्ट" रकान्यांत मस्टरची यादी जशीच्या तशी ओतली की आडनाव पहिल्या रकान्यात जाऊन बसतं. नाव आधारप्रमाणे एकच ठरवा, हाक मारायचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवा.

एक्सेलमधून चढवताना यूएएन १२ आकडी असतो. रकाना "टेक्स्ट" केला नाही तर १.०१ई+११ असं काहीतरी दिसतं, आणि तसंच सेव्ह केलेली सीएसव्ही चढवली की सगळे नंबर गेले. बँक खाती त्याहून वाईट: एक्सेल १५ आकड्यांपुरतंच अचूक, १६ आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो आणि कोणाला दिसत नाही. खात्याच्या सुरुवातीची शून्यंही गळतात. आयएफएससीमध्ये पाचवं अक्षर शून्य, इंग्रजी ओ नव्हे. देना आणि विजया बँका २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, आंध्रा आणि कॉर्पोरेशन २०२० मध्ये युनियन बँकेत. जुने कोड अजून मास्टरमध्ये सापडतात. तारखेचं एकच: ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे अपलोड करण्याआधी दहा ओळी चढवून बघा. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा निमूट उलट्या चढतात. एरर येते ती १३ पासून पुढे.

टीओई_वाला

डेटाबद्दल: वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला कायद्यात जागा आहे, पण "जागा आहे" म्हणजे काहीही साठवा असं नव्हे. मराठीत एक पान द्या: चेहऱ्याचा नमुना कशासाठी, कुठे साठवतो, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत पुसतो. व्हेंडरच्या करारात पुसण्याची अट लेखी घ्या. आधारचे पहिले आठ आकडे झाकूनच ठेवा. आणि पेरोलची पूर्ण यादी किती जणांना डाउनलोड करता येते ते बघा. एकाचा पगार दुसऱ्याला दिसला की त्या सिस्टिममध्ये खरी माहिती कोणी भरत नाही.

लोअर_परळ_एचआर

रजा वळवायची तर गणपतीपासून सुरू करा. कोकणच्या गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे लोकांच्या तारखा दोन महिने आधीच पक्क्या असतात. त्याच सकाळी सिस्टिममध्ये गणपतीच्या रजेची खिडकी उघडा, आधी येईल त्याला आधी, आणि सात दिवसांत हो की नाही. भिवंडीत एका पाळीत एका वेळी किती जण सुटू शकतात तो आकडा सिस्टिममध्ये टाका आणि नोटीस बोर्डावरही लावा. त्या रजेसाठी व्हॉट्सॲप चालणार नाही, कोणाचंही, मालकाच्या ड्रायव्हरचंसुद्धा.